लेबलावर न लिहिलेली ओळ

प्रिय ताई,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी पाठवलेल्या बाटलीनं छाती मोकळी झाली, जिना न थांबता चढलीस, आणि डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप तेरा दिवसांपूर्वी कपाटात टाकून दिलास, असं तू लिहिलंस. वर 'आमचे मास्तर शास्त्रज्ञ झाले' म्हणून सूतगिरणीभर सांगत सुटलीस. मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा जेवलीस का एवढंच विचारलं आणि ठेवून दिला. पण मधेमधे तू खोकत होतीस. 'औषधानं बाहेर पडतंय रे' म्हणालीस.

मी शास्त्रज्ञ नाही, ताई. नववीत शाळा सुटलेला माणूस. प्रयोगशाळेत झाडाची साल वाळवतो, कुटतो, चाळतो, तीन दिवस स्पिरिटात भिजवून गाळतो आणि बाटल्यांवर लेबलं लावतो. प्रत्येक लेबल तीनदा तपासतो. प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या बाई, म्हणतात, तुझी चूक सापडली तर आधी मी माझा चष्मा तपासेन. या अक्षरावर मला नोकरी लागली, आणि हे अक्षर तुझं आहे. गिरणीच्या पिंजणखात्यातून केसांत कापूस घेऊन यायचीस आणि चप्पल काढायच्या आधी माझी वही मागायचीस. एक वेलांटी चुकली की अख्खं पान पुन्हा. तेव्हाही तू खोकायचीस. मला वाटायचं, दमलेली माणसं खोकतातच.

सालीच्या अर्काची बातमी खरी आहे. फुप्फुसांना जुनाट सूज असलेल्या उंदरांना तो दिला आणि सूज उतरली. मी हुरळून तुला लगेच फोन केला. मग तू पिच्छाच पुरवलास, 'एवढ्या बाटल्या धुतोस, एक बहिणीला आण की! का उंदीर जवळचे झाले?' पुढचं मी तुला सांगितलं नाही. मात्रा थोडी वाढवली तेव्हा त्याच उंदरांची यकृतं बिघडली. माणसांना द्यायला अजून कितीतरी वर्षं आहेत, कदाचित ती वेळ येणारही नाही, असं बाई म्हणतात.

तुला नाही म्हणवेना, आणि अर्क द्यायला हात धजेना. त्या बाटलीत अर्क नव्हता, ताई. जाळलेली साखर आणि मेथीचं पाणी होतं, माझ्या खोलीतल्या स्टोव्हवर उकळलेलं. 'इतकं कडू म्हणजे जालीम असणार' असं तू लिहिलंस, तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटलं. सुरुवातीला जिना चढलीस तो पंपाच्या जोरावर. तेव्हा तो चालू होता. लेबलावर मी तारीख लिहिली, दोन वेळा एक चमचा लिहिलं, तीनदा तपासलं. 'पंप चालू ठेवणे' एवढी एकच ओळ लिहायची राहिली. फोनवर हे बोलवलं नाही; शेजारच्या ड्रायव्हरकाकांची गाडी आज तिकडेच चालली आहे, त्यांच्या हाती हे देतो. ते समोर उभे असतानाच कपाट उघड आणि पंप घे. गिरणीत ज्या दोघींना बाटलीतलं दिल्याचं लिहिलंस, त्यांनाही ते औषध नाही हे आजच सांग. उद्या मी येतो, आपण डॉक्टरांकडे जाऊ. मग मला हवं तेवढं बोल, ओरडायलाही श्वास लागतो. बाटलीवरचं अक्षर माझं आहे म्हणून तू विश्वास ठेवलास. हे पत्रही त्याच अक्षरात आहे.

तुझाच,
मास्तर