पाचवी काच

प्रिय दादा,

पत्र बघून दचकला असशील. एक दिवसाआड फोन करणारी ही बया आज कागद का काळे करतेय? फोनवर तू विषय बदलतोस आणि मी बदलू देते, म्हणून.

मला तू ‘पडक्या भिंतींची डॉक्टरीण’ म्हणतोस. जुन्या इमारती जतन कशा करायच्या हे शिकायला कुणी दोन वर्षं घालवतं, हेच तुला अजून पटलेलं नाही. त्यात मी प्रबंधाला घेतला आपलाच बंबखाना. खाली आगीचे बंब, वर तीन मजले आपल्यासारख्यांच्या राहायच्या खोल्या. बाबांनी तिथे बंब चालवला, आता तू चालवतोस. जिन्याच्या भिंतीतली ती लांबलचक भेग अजून वाढतेय की कधीच थांबलीय, एवढंच मला शोधायचं होतं. वाढत असेल तर इमारत पाडणार, थांबली असेल तर दुरुस्ती. म्हणून भेगेवर आडव्या काचपट्ट्या चिकटवल्या. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. शिडी तूच धरली होतीस, आणि काच लावून भिंत कशी बरी होते असं विचारून सगळ्या ड्यूटीवाल्यांना हसवलंही होतंस.

मागच्या आठवड्यात येऊन बघते तर जिन्यातल्या चारही काचा फुटलेल्या. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. पण जवळून पाहिलं आणि मनात पाल चुकचुकली. भिंत हलली की काच भेगेच्या रेषेत तडकते. इथे प्रत्येक काचेवर टोला बसल्याची खूण होती आणि तिथून चहूकडे चिरा. भेगेच्या दोन्ही बाजूंना मी पेन्सिलीच्या खुणा केल्या होत्या, त्यांच्यातलं अंतर जसंच्या तसं. आईला विचारलं, तर म्हणाली उंदरांनी फोडल्या असतील. आपल्याकडचे उंदीर हातोडी घेऊन फिरतात हे मला नवीनच!

पहिला संशय वर्गातल्या हुशारावर. त्याला हाच विषय हवा होता, आणि मला मिळाल्यापासून तो माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतो. मग संशय प्रबंधाच्या मॅडमवर, कारण अहवाल लवकर दे म्हणून त्या सारख्या मागे लागल्या होत्या. दोन दिवस मी दोघांकडे अशी टक लावून बघत होते की शेवटी मॅडमनी विचारलं, डोळे आलेत का तुझे?

त्याच दिवशी तुझा फोन आला. जेवलीस का, याच्या पलीकडे तू माझ्या अभ्यासाचं कधी काही विचारत नाहीस. त्या दिवशी मात्र विचारलंस, अहवाल कधी द्यायचाय, आणि आता पाडणारच ना? काचा फुटल्याचं मी तुला सांगितलंच नव्हतं रे. आईनं सांगितलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. खरं सांगते, मला दुसरं काही मानायचंच नव्हतं.

पण दादा, काचा चार नव्हत्या, पाच होत्या. तीच भेग वर आईच्या स्वयंपाकघरात जाते. तू ड्यूटीवर असताना माळ्यावरच्या ट्रंकेमागे मी एक पट्टी लावली होती. ती मी वर्गात मांडलेल्या नकाशात आहे, म्हणजे मॅडमना ठाऊक आहे आणि त्या हुशारालाही. त्यांच्यापैकी कुणी फोडल्या असत्या तर पाहणीच्या निमित्तानं घरात येऊन तीही फोडली असती. परवा येऊन पाहिली, ती धडधाकट आहे. तिचा पत्ता नव्हता तो फक्त शिडी धरणाऱ्याला.

मला राग आला. इतका, की त्या संध्याकाळी तुला तोंडावर बोलायचं ठरवूनच जिन्याखाली उभी राहिले. तेवढ्यात तू आईला पाठुंगळी घेऊन खाली उतरताना दिसलास, दवाखान्यात न्यायला. प्रत्येक वळणावर थांबत होतास, आणि ती एका हातानं तुझ्या कपाळावरचा घाम पुसत होती. ही इमारत पडली तर लिफ्टवाली नवी घरं मिळतील, एवढंच तुझ्या डोक्यात होतं ना? मी इथे वसतिगृहात बसून त्या जिन्याच्या कमानीचं कौतुक लिहितेय, आणि तो जिना चढतोस तू. मी तशीच मागच्या दारानं निघून गेले. लाज वाटली रे.

तरी खोटा अहवाल मी देणार नाही. काचा कुणीतरी हातानं फोडल्या, एवढंच लिहीन; हात कुणाचा ते नाही. आणि हे पत्र मी तुला खडसावायला लिहिलेलं नाही. बंबाचे कापडी पाइप टांगून वाळवायचा तो मागचा मनोरा आठवतो ना, लहानपणी आपण ज्यात हाका मारायचो? तो खालपासून वरपर्यंत पोकळ आहे, आणि प्रत्येक मजल्याला चिकटून जातो. दुरुस्तीच्या आराखड्यात तिथे लिफ्ट दाखवायची, असं माझ्या मनात आहे. बसेल की नाही, मंजूर होईल की नाही, देव जाणे. आधी आतून मापं घ्यायला हवीत, आणि काचाही नव्यानं लावायच्यात. रविवारी येतेय. शिडी धरायला तूच ये. इतक्या उंचावर दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी चढणार नाही.

तुझीच,
शेंडेफळ