मरून गाडी आणि लोकरीचा पॅड

९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

मशीनच्या आवाजानं तुझे कान गेले, फोनवर तुला काही ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. आठवडा झाला, तू वर्कशॉपमध्ये फिरकला नाहीस. चार वाजले की माझा हात सवयीनं दुसऱ्या कपाकडे जातो. साठीला टेकलास, पण रुसणं अजून चौथीतल्या मुलाचंच!

डॉक्टरांच्या जुन्या मरून गाडीचं कळलं. दाराच्या उठावदार कडेवरचा बोटभर रंग उडून खालचा प्रायमर दिसतोय. असू दे रे, माणसाच्या हातून होतं असं. पण ती गाडी त्यांच्या वडिलांची, त्यामुळे ते फार दुखावलेत. हे कोणी केलं ते लेखी द्या, म्हणतात. माझा सोन्या त्यांना बोलून गेलाय की मामाचा हात हल्ली थरथरतो. तू चार ओळी लिहून दिल्यास की विषय मिटला. वर्कशॉपवर त्याच्या नावाचा बोर्ड लागून वर्षही झालं नाही, आणि निम्म्या गाड्या डॉक्टरांच्या शब्दावर येतात. तुझं काय, तुझे आता आरामाचे दिवस.

औषधं वेळेवर घे. रागाला दार लाव आणि माझ्यासाठी उघडं ठेव.
तुझी ताई

१३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोन्या बोलून गेला नाही. तो बोलला, डॉक्टरांसमोर, आणि मी तिथेच उभा असताना. एवढं तर बहिऱ्यालाही ऐकू आलं.

काय झालं ते सांगतो. असल्या जुन्या गाडीच्या रंगावर पारदर्शक थर नसतो. घासलं की रंगच पॅडला लागतो. म्हणून पॉलिशच्या मशीनला पॅड निवडताना नेहमी सर्वांत मऊपासून सुरुवात करायची. मी बॉनेटवर तळहाताएवढ्या जागेत मऊ फोमचा पॅड फिरवून पाहिला. ओरखडे थोडे राहिले, म्हणून मधला फोम लावला, तर आरशासारखं चमकलं. त्यापुढे जायची गरजच नव्हती. सोन्याला बजावलं की हाच पॅड वापर, कडांना चिकटपट्टी लाव आणि लोकरीच्या पॅडला हात लावू नकोस. तो रंग खरवडतो, कडेवर तर क्षणात तापतो. मग मी कान दाखवायला दवाखान्यात गेलो. डॉक्टर गाडी न्यायला सहाला यायचे होते, फोमनं वेळ लागला असता, म्हणून सोन्यासाहेबांनी लोकर चढवली.

सगळे पॅड संध्याकाळी तू धुतेस. माझ्या पॅडांना निळा दोरा, त्याच्या पॅडांना पांढरा, आणि ते दोरे तूच शिवलेस. त्या दिवशी लोकरीच्या कोणत्या पॅडातून मरून पाणी निघालं, ते मला लिही. पस्तीस वर्षांत मी एका गाडीची कड जाळलेली नाही. जगानं काहीही म्हणावं, पण तू एक ओळ लिही की हे तुझ्या हातून झालं नाही. ती ओळ आली की तुला हवं ते लिहून देतो.

उत्तराकडे डोळे लावून,
तुझा धाकटा

१७ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून रात्रभर आपलं लहानपण डोळ्यांपुढे होतं. बाबांच्या बुटांना पॉलिश करताना तू माझ्या मखमली फ्रॉकचा खिसाच कापलास, आठवतं? मऊ कापडाशिवाय चमक येत नाही, असं वर मलाच शिकवलंस. सातवं वर्ष होतं तुला. मी तो फ्रॉक तसाच बिनखिशाचा शाळेत घालून गेले आणि सिस्टरांना सांगितलं की खिसा उंदरानं खाल्ला.

पॅडांचं म्हणशील, तर संध्याकाळी मोरीत उजेड कमी असतो. माझ्या डोळ्यांना हल्ली सगळंच पाणी एका रंगाचं दिसतं. आता ते कशाला उगाळायचं? तुझ्या हातात जादू आहे, हे का मला ठाऊक नाही? रविवारी डॉक्टर येणार आहेत. सोन्या धड जेवत नाही. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी तेवढी चिठ्ठी पाठव, राजा.

तुझ्यावर जीव टाकणारी,
ताई

२० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिठ्ठी सोबत आहे. मशीन मी चालवत होतो, चूक माझी, असं स्पष्ट लिहून खाली सही केलीय. डॉक्टरांना अक्षर लागावं म्हणून दोनदा लिहून काढली. सोन्याला सांग, हात थरथरत असता तर सही अशी आली नसती.

त्या गाडीचं डावं अंग अजून राहिलंय. त्याला म्हणावं, मधल्या फोमनं हळूहळू कर. पॅड रंगानं भरला की लगेच बदल. अरुंद जागेला छोटा पॅड घे, आणि शेवटचा हात सर्वांत मऊ पॅडनं दे. गाडीनं आपलं काही वाकडं केलेलं नाही.

काल पलीकडच्या रस्त्यावरच्या गॅरेजात काम मागायला गेलो होतो. मालक माझ्याच हाताखाली शिकलेला. त्यानं खुर्ची दिली, चहा पाजला आणि मान खाली घालून म्हणाला की काका, कडेचं कळलं. चिठ्ठी लिहिण्याआधीच तिची बातमी पोचली होती.

मी मागितलेली ओळ तू लिहिली नाहीस. पण न लिहूनही तू उत्तर दिलंस. ताई, खरंच मी गाडी बिघडवली असती, तर तू मला फाडून खाल्लं असतंस. बूट उलटे घातले, वरण सांडलं, नोकरी सोडली, यातलं काहीही तू सोडलं नाहीस. गेल्या वर्षी छत्री हरवली म्हणून चार दिवस बोलत होतीस. आणि आता एवढी डॉक्टरांची गाडी गेली, तर दोन पत्रांत एक खरमरीत शब्द नाही. नुसतं राजा, आणि जादू. तुझा गोडवा वाचूनच कळलं की पाणी तू नीट पाहिलं होतंस.

लोभ होता, तो मी मोडलेला नाही.
धाकटा