अदवाचा एकशे तीन ताप

रविवार, १२ जानेवारी १९९७. सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटं.

वेळ आधी लिहून ठेवते. कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नडेट सांगत — तक्रार करायची तर आधी तारीख, मग वेळ, मग माणसाचं नाव. राग शेवटी. तर माणसाचं नाव झिवा. आमच्या दवाखान्यातली नर्स. गुन्हा — हसली!

झालं असं. सात वाजता सूनबाई एलिनोर नेहमीसारखी अदवाला माझ्याकडे सोडून दातांच्या डॉक्टरकडे कामाला गेली. पोरगी दीड वर्षाची. एरवी आल्या आल्या माझी एक चप्पल पळवते आणि घरभर शोधायला लावते. आज मांडीवरून उतरेना. साडेआठला कपाळाला हात लावला — तवा! माझं थर्मामीटर काढलं. मुंबईहून येताना आणलेलं, अठ्ठावीस वर्षांत एकदाही खोटं बोललेलं नाही. काखेत धरलं. एकशे तीन.

दवाखान्यात फोन केला. म्हटलं, दीड वर्षाची मुलगी आहे, ताप एकशे तीन. मग ती बया म्हणते, "एकशे तीन? मग शिजली ती, सावता. गॅस बंद कर!" आणि खो खो हसली. तिच्या मागे आणखी कोणीतरी हसलं. सावता म्हणजे हिब्रूत आजी. मी तिची आजी नाही! फोन आपटला.

आपटल्यावर डोक्यात प्रकाश पडला. इथे ताप सेल्सियसमध्ये. शंभरावर पाणी उकळतं. या देशात राहून मला ऊन-थंडी सेल्सियसमध्ये कळायला लागली, पण ताप अजून मुंबईच्याच आकड्यांत कळतो. काय करू? बत्तीस वजा, पाचाने गुणा, नवाने भागा — एकोणचाळीस पॉइंट चार. तोंडी केलं, पेन्सिलसुद्धा घेतली नाही. त्या पोरीला नीट विचारायला काय झालं होतं? आजारी लेकराच्या घरी कोणी विनोद करतं?

अश्दोदला शोशीला फोन लावला. अदवा मांडीवर, कोलन वॉटरची पट्टी तिच्या कपाळावर, फोन माझ्या खांद्यात. शोशी माझी मुंबईपासूनची मैत्रीण. तिने सगळं ऐकून घेतलं. पाऊण तास. म्हणाली, "लेखी तक्रार कर. तोंडी बोललेलं इथे कोणी मोजत नाही." करणारच!

त्याच दिवशी, दुपारी तीन.

झोपली आहे. तापाचं सिरप फ्रिजमध्ये होतं. बाटलीवर एलिनोरने पट्टी चिकटवून अदवाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं ते लिहून ठेवलंय. तेवढंच दिलं, एक थेंब जास्त नाही. आधी मी तिला दोन स्वेटर आणि शाल घातली होती. मग सिरपच्या डब्यावरची चित्रं पाहिली — चित्रातलं बाळ नुसत्या बनियनवर. काढलं सगळं. कोमट पाण्याने अंग पुसलं. पेजेचं पाणी चमच्याचमच्याने. तासाला चार चमचे, पाचवा माझ्या अंगावर.

आता खरं लिहिते, इथे कोण वाचतंय? एलिनोरला फोन मी एक वाजता केला.

साडेआठला करायला हवा होता. नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलाय. दोनदा पाच आकडे फिरवले आणि ठेवून दिला. कारण मऊन! मऊन म्हणजे पाळणाघर. पेसाहच्या सणानंतर अदवाला तिथे घालायचं चाललंय. नाव घातलंय, पण हो की नाही ते महिनाअखेर कळवायचं आहे. एलिनोरची आई मल्का दर शनिवारी सांगते, "तिथे शिकलेल्या मुली असतात, विहीणबाई. तुमचं वय झालं." मी सदुसष्ट आहे, ती त्रेसष्ट. तिचं काय बालपण चाललंय?

मला वाटलं, दुपारपर्यंत ताप उतरवते, मग सांगते. म्हणजे सांगताना एका वाक्यात आला-गेला होईल. उतरला नाही.

सोमवार, १३ जानेवारी

काल संध्याकाळी कोर्ट भरलं. एलिनोर दारातूनच — "तुला कधी कळलं?" हिब्रूत सगळे एकमेकांना तू. सासूलासुद्धा. मी मराठीत विचारते, ती हिब्रूत उत्तर देते, अशी आमची गाडी सहा वर्षं चाललीय.

"साडेआठला."

"आणि मला कधी सांगितलंस?"

मी झिवाची गोष्ट सुरू केली. तिने हात वर केला. "झिवा राहू दे. मला कधी?"

"एक वाजता."

"साडेचार तास! मी दोन रस्ते पलीकडे बसलेय. लोकांच्या तोंडात कापूस घालत. आणि माझी मुलगी एकोणचाळीसवर!"

माझा मुलगा योराम एअरपोर्टवरच्या कामावरून नुकताच आला होता, बूटसुद्धा पायात. म्हणाला, "दाय, एलिनोर, पुरे. मम्मीने सगळं बरोबर केलंय." ती म्हणाली, "बरोबर केलं. सांगितलं नाही." मग तिने अदवाला उचललं आणि घरी नेलं. घर म्हणजे शेजारचा जिना. पण काल ते देशाच्या टोकाला असलेल्या एलातइतकं लांब वाटलं.

मी अख्ख्या जगाकडून तारीख आणि वेळ मागते. सुनेने माझ्याकडून मागितली तर मला दोनच वेळा सांगता आल्या, आणि दोन्ही माझ्या विरुद्ध!

सकाळी सात वाजता मी स्वतः त्यांचा जिना चढले. एलिनोर सुट्टी मागायला फोन हातात घेऊन उभी. ताप होताच, अडतीस पॉइंट नऊ. सेल्सियस! योरामने नवीन थर्मामीटर आणलंय, बीप करतं. मी म्हटलं, "मी काल घाबरले. तापाला नाही. तू हिला मऊनमध्ये घालशील म्हणून. त्या भीतीने सांगितलं नाही. चूक माझी."

असं वाक्य मी सासूला नाही म्हटलं कधी, नवऱ्याला नाही, सिस्टर बर्नडेटला तर नाहीच.

एलिनोरने फोन खाली ठेवला. मग अदवाला माझ्या हातात दिलं. "दर तासाला फोन," म्हणाली. मऊनबद्दल अक्षर नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

दर तासाला म्हणजे दर तासाला! आठला अडतीस सात. नऊला अडतीस पाच, अर्धी वाटी पेज. दहाला अडतीस नऊ, सिरप दिलं, लंगोट ओला — म्हणजे पाणी पुरेसं जातंय. अकराला डॉक्टरनेच फोन उचलला. मी विचार केला, नाहीतरी डॉक्टरच, त्यालाच सगळं सांगितलं. म्हणाला, "बाई, मी दातांचा." म्हटलं, "दाताने ताप येतो का?" म्हणाला, "एकोणचाळीसपर्यंत नाही येत." उपयोगी माणूस. निरोपही बरोबर पोचवला, कारण बाराला एलिनोर स्वतः फोनवर आली. हसत होती! म्हणाली, "खुर्चीतल्या पेशंटने विचारलं, आत्ता किती?"

तीन वाजता अदवा जरा जास्तच गळून गेली. डोळे अर्धे मिटलेले. सिरप देऊन झालं होतं, अंग पुसून झालं होतं. हात रिकामे राहिले की भीती शिरते. संकटाला धावणाऱ्या एलियाहू हन्नाबी पैगंबराला नवस बोलले. पोरीचा ताप उतरू दे, तुझ्या नावाने मलिदा करीन. मोठ्याने बोलले नाही. नवस बोलणाऱ्या आजीला मऊनवाल्या घरात काय किंमत! फोनवर एलिनोरला फक्त आकडा सांगितला.

बुधवार, १५ जानेवारी

ताप गेला! सकाळी छत्तीस पॉइंट आठ. दोन्ही थर्मामीटरचं एकमत!

आणि दहा वाजता अंघोळीला कपडे काढले तर पोटावर, पाठीवर लाल पुरळ. गोवर! माझ्या हातून तांब्या पडला. पण या वेळी आधी एलिनोरला फोन केला. दहा वाजून दोन मिनिटं. ती दहा मिनिटांत पांढऱ्या कोटातच धावत आली आणि आम्ही दोघी दवाखान्यात.

डॉक्टरीणबाईंनी पोट पाहिलं, कान पाहिले, घसा पाहिला. म्हणाल्या, गोवर नाही. हा लहान मुलांचा तापच असा. तीन दिवस चढतो आणि उतरल्यावर पुरळ येतं. पुरळ दिसलं म्हणजे संपलं. मग मला विचारलं, काय काय केलं? मी सगळं सांगितलं. सिरप बरोबर, पेज बरोबर, हलके कपडे बरोबर. कोलन वॉटर बंद! त्यात स्पिरिट असतं, इतक्या लहान अंगाला लावायचं नाही. एलिनोर माझ्याकडे पाहील म्हणून मी भिंतीवरचा दात घासायचा तक्ता वाचत बसले. चारपैकी तीन बरोबर. कॉन्व्हेंटात याला फर्स्ट क्लास म्हणत.

बाहेर काउंटरवर — झिवा. मला वाटलं होतं कोणी धिप्पाड बाई असेल. एवढीशी पोर, नाकात खडा. अदवाला बघून म्हणते, "हीच का ती शिजलेली?"

मी म्हटलं, "रविवार. आठ चाळीस. तुम्ही हसलात."

"हसले," म्हणाली. "आणि मग मला कळलं, तुमचा आकडा फॅरनहाइट असणार. लगेच परत फोन केला. तीनदा! साडेनवापर्यंत तुमची लाइन एंगेज."

तेव्हा मी शोशीशी बोलत होते. झिवाबद्दलच.

हे फक्त या पानाला सांगते. तिला म्हटलं, "हसणं ते हसणंच." तक्रार मागे घेतलेली नाही!

गुरुवार, १६ जानेवारी

डावी चप्पल फ्रिजच्या मागे सापडली. पोरगी बरी झाली.

रविवार, १९ जानेवारी

आज मलिदा. पण आधीची गंमत लिहिते. शुक्रवारी सकाळी मी रामलेच्या भारतीय दुकानातून पातळ पोहे आणि गूळ आणला. पिशवी टेबलाखाली लपवली. दुपारी एलिनोर आली, दारातच घुटमळली. "तुला विचारायचं होतं," म्हणते, "मलिद्याला पोहे किती लागतात?"

"कोणाचा मलिदा?"

लाल झाली. रविवारी मी फोन केला, तेव्हा कामाच्या टेबलाशी उभी राहूनच नवस बोलली होती! दोन वर्षं मला ऐकवतेय की हे सगळं कोकणातलं, इथे कोणी करत नाही. मी टेबलाखालची पिशवी काढून तिच्यासमोर ठेवली. ती खुर्चीत बसून इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मी पण.

मग भांडण. ती म्हणते, एका ताटात दोन नवस बसवू. म्हटलं, नवस दोघींनी वेगळे बोललोय, ताट कसं एक? हन्नाबीकडे तरी काटकसर नको! दोन ताटं लावली. पोहे भिजवले, ओलं खोबरं, गूळ, वेलची, भोवती पाच फळं. एलिनोरने खोबरं किसलं. किसणी लागली, बोट कापलं, पण किसलं. योरामने प्रार्थना म्हटली. मल्का अश्दोदहून बसने आली आणि दोन्ही ताटांतलं दोन-दोनदा खाल्लं. अदवा गुळाला चिकटलेली, तिला सोडवावं लागलं.

जाताना मल्का म्हणाली, "मऊनचं महिनाअखेरपर्यंत कळवायचंय ना, एलिनोर?" एलिनोर आईला म्हणाली, "माहीत आहे, इमा." बस, एवढंच. माझ्या तोंडातला मलिदा गोडच लागेना.

सोमवार, २० जानेवारी

तक्रार सांगितली. माझं हिब्रू बाजारापुरतं, वाचायला बोट लागतं, लिहायला तर देवच. म्हणून मी मराठीत सांगणार, एलिनोर हिब्रूत उतरवणार. संध्याकाळी बसलो. तारीख. वेळ. नाव. गुन्हा. एलिनोर म्हणाली, "पण तिने परत फोन केला होता ना?" म्हटलं, "ते तिने तिच्या उत्तरात लिहावं." म्हणाली, "आणि हवंय काय तुला?"

"लेखी उत्तर. शुक्रवार, एकतीस जानेवारी, दुपारी बाराच्या आत. तारीख न घातलेल्या पत्राला कोणी विचारत नाही."

"एकतीस तारीख का?"

"महिनाअखेर म्हणून!" माझ्या तोंडून जोरात निघालं. अदवा टेबलाखाली स्वतःशी बडबडत होती.

एलिनोरने कागद घडी करून पर्समध्ये टाकला. उद्या कामावर कॉम्प्युटरवर नीट करून आणते म्हणाली. मी मऊनचं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

मंगळवार, २१ जानेवारी. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

एलिनोर पाकीट देऊन गेली. उघडंच होतं. "आधी वाच, मग टाक," म्हणाली. बोट ठेवून वाचलं, एकेक अक्षर. दवाखान्याचं नाव कुठेच नाही. झिवाचंही नाही. वर लिहिलंय — संचालिका, मऊन. मग: "आमच्या अदवाचं नाव तुमच्या यादीतून काढावं. ती तिच्या आजीकडे असते आणि तिथेच राहील. नाव काढल्याचं लेखी उत्तर शुक्रवार, ३१ जानेवारी, दुपारी बाराच्या आत मिळावं."