लग्नाआधी सुई

वडसा,
१२ डिसेंबर २००४

ती. गुणामावशीस,
सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांग आहे असं समजून घे. खरोखर लोटांगण घालाले जागा नाई. नाटकाचे पडदे, पेट्या अन् माझी खाट एकाच खोलीत आहे.

फोन केला असता, पण इथला बूथवाला काचेपलीकडून कान देते, म्हून पत्र लिहून राह्यली. यंदा मी नायिका आहो. तिसऱ्या अंकात विष पिऊन मरते अन् दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात जित्ती होते. लोक रडतात. मले मेल्यावर डास चावतात, पण हलता येत नाई.

खरी बातमी अशी का, आईनं माझं लग्न ठरवलं. पोरगा विक्की. सिमेंटचा ट्रक चालवते, तुझ्याच गडचांदूरले राह्यते. पाह्याले आला तं सारा वेळ स्वतःच्या चपलेकडं पाहत होता. मले आवडला, हे आईले सांगू नको. पण मावशी, मागच्या हंगामात आमच्या मंडळीतला पेटीवाला एड्सनं गेला, अन् आता त्याची बायको अंथरुणावर आहे. ती बिचारी गावाची शीव सोडून कधी गेली नाई. विक्की तं ड्रायव्हर माणूस, दहा रस्त्यांनं जाते. हे मी आईले बोलली, तं तिनं सांगितलं का चांगल्या घरच्या पोरी असं विचारत नाईत. म्हून तू विचार. तो तुझ्याच खानावळीत जेवते असं कळलं. आपलं नातं सांगू नको, नुसतं पाह्य अन् लिही.

लोभ आहेच, पण वाढताना डोळे उघडे ठेवजो.
तुझी,
उर्वशी (तिसऱ्या अंकात स्वर्गवासी)

*

गडचांदूर,
२१ डिसेंबर २००४

चि. उर्वशीस,
अ. उ. आ. चांगल्या घरची पोरगी नाईस म्हून दोन आशीर्वाद जास्तीचे.

तुझा नवरदेव वांग्याची भाजी मागून खाते अन् आपलं ताट आपण धुते. पयले वाटलं, पोराले बिमारी आहे ते हेच का काय! पण तुले दुसरीच खबर पाहिजे, तं ऐक. एड्सचं काम करणाऱ्या संस्थेची अमिनाताई ट्रकवाल्यांत फिरत राह्यते. तिनं माझ्या माठाजवळ निरोधचा डब्बा ठेवला. मी म्हटलं होतं, बाई, इथी लोक भात खाले येतात. आता डब्बा मीच भरते. काही पोट्टे बडीशेप घ्याचं नाटक करून त्यात हात घालतात. मी वरडून सांगते का बडीशेप डावीकडं, अक्कल उजवीकडं.

तुझ्या विक्कीनं परवा मूठभर उचलले. कोणासाठी, विचारलं, तं म्हणे दोस्तांसाठी. मी भात वाढाचा थांबवला. भातापुढं माणूस खोटं नाई बोलत. त्यानं कबूल केलं का हे दोस्तांसाठीच, पण आधी तोही नाक्यावरच्या बायांकडं जात होता. आता सोडलं, पण डब्बा आला त्याच्याही आधीचे दिवस होते, अन् तेव्हा कोणाले काही सुचत नव्हतं. एवढं झाल्यावर मी सांगितलं का मी उर्वशीची मावशी. घास घशातच अटकला. पाणी मीच देलं, नाईतर लग्नाआधीच रांडाव झाली असतीस.

पोरगा वाईट नाई. पण वाईट नसणं अन् बिमारी नसणं, हे दोन वेगळे हिशोब आहेत. काय करतेस ते कळव.

तुझ्यावर जीव असलेली, अन् तुझ्यापायी एक गिऱ्हाईक घाबरवलेली,
गुणामावशी

*

धानोरा,
४ जानेवारी २००५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. नाटक आता इकडच्या जंगलात आलं. मोहफुलाच्या झाडाखाली बसून लिहून राह्यली.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस रागात होती. विष पिताना खरोखर दात खाल्ले, तं लोकांनं टाळ्या देल्या. मंग राग उतरला. त्यानं खरं सांगितलं, अन् खरं सांगणाऱ्याले सोडून खोटं बोलणारा नवरा मी कुठून आणू?

म्हून अट घातली का लग्नाआधी रक्त तपासाचं. त्याच्या आत्यानं निरोप पाठवला का नाटकात नाचणाऱ्या पोरीनं आधी आपलं तपासावं. मले हे आवडलं. दुसऱ्याच दिवशी गडचिरोलीच्या दवाखान्यात रक्त देऊन आली. माझं चांगलं निघालं. आता आत्या गप्प आहे, पण विक्की फुगून बसला. आई म्हणते का माझ्यासारखी पोरगी तिनं कोणत्या नक्षत्रावर जन्माले घातली.

त्याले चंद्रपूरले तू ने. कान धरून ने, नाईतर वांग्याची भाजी दाखवून ने.

तुझ्या भरवशावर मुंडावळ्या बांधायची वाट पाहणारी,
उर्वशी

*

गडचांदूर,
१८ जानेवारी २००५

चि. उर्वशीस,
अ. उ. आ. हे पत्र एकटी असताना वाच. पण घाबरू नको, तुझा विक्की चांगला आहे.

तो येतच नव्हता. शेवटी म्हणाला का मावशी, तू रक्त देशील तं मी देतो. त्याले वाटलं, म्हातारी मागं सरकंन. मी चाळीशीतली बाई, मले म्हातारी समजते! मी म्हटलं, चाल. राजुऱ्याच्या पुलावर बस आली तं त्यानं नदीले हात जोडले. दवाखान्यात सुई पाहिली अन् बाकड्यावरच आडवा झाला. एवढा मोठा ट्रक घाटातून उतरवणारा माणूस, नर्सबाईनं कांदा हुंगवला असता तं बरं झालं असतं! शुद्धीवर आल्यावर पयले विचारलं का उर्वशीले सांगशील काय. सांगितलं.

समजावणाऱ्या मॅडमनं एकेकाले वेगळं आत बोलावलं. त्याचं काही निघालं नाई. बिमारी कधी कधी उशिरा दिसते, म्हून तीन महिन्यांनं एकदा पुन्हा पाहू म्हणे, तवर लग्न थांबवा. मंग मले बोलावलं.

उर्वशी, माझं निघालं.

तुझे सोमाजी मावसे गेले तेव्हा डॉक्टर टीबी म्हणाले होते. तेही ड्रायव्हरच होते. एकदा मनात आलं का त्याहिले शिव्या द्याव्या. दोन-तीन देल्याही, बसस्टँडवर, मोठ्यानं. मंग वाटलं, त्या माणसाच्या माठाजवळ कोणी डब्बा ठेवला नव्हता. परतताना विक्कीनं सारा रस्ता माझा हात सोडला नाई. मी म्हटलं, कंडक्टरले वाटंन तू माझ्यासंगच पळून चालला.

मॅडम म्हणे, नागपूरले रक्तातल्या पेशी मोजतात अन् लागलं तं गोळ्या फुकट देतात. ताटाले, पाण्याले, हाताले काही होत नाई. तेच मी जाऊबाईले समजावून सांगितलं. जाऊबाईले सांगणं म्हणजे दवंडीवाल्याचा त्रास वाचवणं. आता खानावळीत माशाही विचार करून बसतात.

रडाचं असंन तं रडून घेजो, पण पावडर लावाच्या आधी.
तुझी,
मावशी

*

मूल,
२५ जानेवारी २००५

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार, यावेळी खरोखर, जमिनीवर, साऱ्या मंडळीसमोर.

पावडर लावल्यावरच रडली. डोळ्यांचं काजळ हनुवटीवर आलं, खलनायकानं आपल्या धोतरानं पुसलं. विक्की परवा इथी येऊन गेला. सांगत होता का तो दोन्ही वेळ तुझ्याकडंच जेवते, अन् गर्दी दिसावी म्हून एका जेवणात चार बाकांवर बदलून बसते. मावशी, याच माणसासंग लग्न करीन. तीन महिने थांबीन, अन् त्याचं पुन्हा चांगलं निघालं का मंडप टाकू.

आता माझं ऐक. तीस तारखेले राजुऱ्याजवळ आमचा खेळ आहे. दुपारी सारी मंडळी तुझ्याकडं जेवाले येते, तोंडाले रंग लावून, रस्त्यावरून मिरवत. विनोदी काम करणारा इसरू म्हणते का तो तिसऱ्यांदा भात मागंन, मोजून ठेव. कोणाले काही म्हणायचं असंन तं आमच्या खलनायकासमोर म्हणावं. भाजीत तिखट कमी करू नको.

तुझी, अन् तुझ्या ताटातली,
उर्वशी

*

गडचांदूर,
३ फेब्रुवारी २००५

चि. उर्वशीस,
अ. उ. आ. तुमची मंडळी गेली अन् माझे हंडे अजून घासणं सुरू आहे. तुमच्या इसरूले घरी कोणी जेवाले देत नाई काय?

तुम्ही गेल्यावर लोक हळूहळू आले. पयले पोट्टे आले, नायिका कोणत्या बाकावर बसली होती ते विचाराले. मी साऱ्याच बाकांकडं बोट दाखवलं. जाऊबाईनं खिडकीतून दोन दिवस पाहिलं, मंग लोणचं घेऊन आली अन् बसून जेवली. घास गिळताना डोळे मिटत होती, पण गिळला. तिच्यासाठी तेवढंही लय झालं. मी नागपूरलेही जाऊन आली. अमिनाताई संगं होती. गोळ्या अजून लागत नाईत, सहा महिन्यांनं पुन्हा बोलावलं.

काल सारे उठून गेल्यावर कोलू ड्रायव्हर मागं राह्यला. माझी बातमी फुटल्यापासून त्यानं माझ्या दारासमोर ब्रेक लावला नव्हता. त्यानं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मंग खालमानेनं म्हणाला, "बाई, रक्त द्याले गेली तवा तुले भेव नाई लागला काय?"

मी म्हटलं, "देताना नाई लागला. ऐकताना लागला. पण आमच्या घरच्यानं कधी विचारलंच नाई. तू तं विचारून राह्यला."

 मंग त्यानं सांगितलं का बायकोले दिवस आहेत. मी थट्टा केली नाई. मले करताच आली नाई. फक्त सांगितलं का पोटातल्या लेकराले वाचवाची गोळीही तिथंच मिळते, पण आधी दोघांनं रक्त द्यावं लागते.

उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं चंद्रपूरले चाललो. विक्की खानावळ सांभाळणार, म्हणजे भात करपणार. कोलूच्या बायकोनं निरोप पाठवला का तिले बसमधी ओकाऱ्या होतात, खिडकीची जागा पाहिजे. म्हून मी लवकर जाऊन खिडकी धरून बसणार आहो.

आता आवरते. तुझ्या मायेची गरज आहे, अन् ती मागाले मले लाज नाई.
तुझी,
गुणामावशी