स्पॅनिशच्या खोलीवर तुमचं नाव

गुरुजी, काल तुमच्या फोटोला हार मी घातला, आणि घालताना माझ्या मनात तुमच्याविषयी एकही चांगला शब्द नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, मी बोलले नाही. पण फुटबॉलच्या नादानं आपल्या शाळेतल्या पोरांनी स्पॅनिश शिकायचं ठरवलं, त्यासाठी नवी खोली बांधली, आणि तिच्यावर गावानं तुमचं नाव लावलं. का, तर याच शाळेतली मुलगी, म्हणजे मी, इथंच शिक्षिका झाली, स्पॅनिश कसं शिकवायचं ते शिकायला थेट स्पेनला जाऊन आली, आणि तिला म्हणे तुम्ही घडवलं. शिरूरच्या बाजारात भेटेल तो हेच ऐकवतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मला तुमचा राग येतो, आणि इतक्या वर्षांत तो जरासुद्धा शिळा झालेला नाही.

तुमच्या लक्षात नसेलच, म्हणून सांगते. दिवाळी सरली की आईबापाबरोबर मी ऊसतोडीला जायचे. परत येईपर्यंत तिसरीचं पुस्तक संपत आलेलं असायचं. परत आलेल्या आम्हा पोरांना तुम्ही दाराशी, चपलांजवळ बसवायचात. माठ भरायचा आम्ही, फळा पुसायचा आम्ही. आम्ही गेलो की तुम्हाला सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं वाटत असणार. आईनं एकदा पदर सावरत विचारलं होतं, "गुरुजी, लेकीला पुढं बसू द्या की. लई नाद हाय तिला वाचायचा." तुम्ही वरसुद्धा बघितलं नाहीत. म्हणालात, "दिवाळीला नेणारच की पुन्हा. कशाला पुढची जागा अडवायची?" आई तशीच घरी आली. चुलीपुढं बसली तरी तिचा पदर डोक्यावरच होता.

त्या वर्षी मी पुस्तक कपड्यांच्या गाठोड्यात घालून नेलं होतं. कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीच्या दारात, धाकट्या भावाला मांडीवर थोपटत सगळं वाचून काढलं होतं. परत आल्यावर एका सकाळी तुम्ही विचारता, धडा कोण वाचतंय? मी उठते. एकदाही न अडखळता वाचते. उत्तर बरोबर आलं की तुम्ही बोट वाकवून त्या पोराच्या पाटीवर दोनदा टकटक करायचात. तोंडानं शाब्बास कधी म्हणायचा नाहीत, ती टकटकच शाब्बास. तुम्ही माझ्याकडं येता. मी पाटी पुढं सरकवते. तुम्ही म्हणता, "कुणाचं तरी ऐकून पाठ केलंय. उसाच्या पोरांना कुठलं वाचता येतंय? जा, माठ भर." सगळा वर्ग हसतो. मी माठ भरून येते, तरी पाटी तशीच पुढं सरकवलेली असते.

स्पेनमध्ये गेल्या गेल्या मी थंडीतापानं आजारी पडले. वर्ग बुडाला. परत गेले ती आपोआप दाराजवळच्या खुर्चीवर बसले. आम्हा प्राथमिक शिक्षकांना शिकवणाऱ्या बाईंनी मला हाताला धरून उठवलं आणि मधोमध बसवलं. त्यांची रीतच तशी. जो गैरहजर होता तो मध्ये, आणि काय काय झालं ते बाकीच्यांनी त्याला सांगायचं. तसं सांगताना सांगणाऱ्यांचंही पक्कं होतं म्हणे. मला तिथं रडू फुटलं. त्यांना वाटलं ताप उतरला नाही. गुरुजी, एक खुर्ची हलवायची होती फक्त. पुढं लहानपणीच्या शिक्षकाबद्दल बोलायचा सराव आला, तेव्हा मी माझ्या तोकड्या स्पॅनिशमध्ये उभं राहून म्हणाले, "माझे गुरुजी मला शिकवत नसत. मी दाराशी बसायचे. मी वाचलं, तर ते खोटं म्हणाले." बाईंनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. वाक्यं बिनचूक होती ना!

काल खोलीच्या उद्घाटनाला तुमचे थोरले चिरंजीव, ते आता शाळा समितीचे अध्यक्ष आहेत, माझ्या हातात माईक देत म्हणाले, "मॅडम, आमच्या दादांबद्दल दोन शब्द त्या भाषेत बोला. लोकांना लई कौतुक हाय." मी बोलले. तीच वाक्यं, तुमच्या फोटोकडं बघून, एकेक शब्द सुटा करून. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. चिरंजीवांनी डोळे टिपले. मला इतकं बरं वाटलं की सांगायची सोय नाही.

आज मधल्या सुट्टीत चौथीतली एक पोर आली. आईबापाबरोबर उसावरून परत येऊन तिला जेमतेम महिना झालाय. स्पॅनिशच्या तासाला तिला मी मध्ये बसवते, बाकीची पोरं तिला राहिलेलं शिकवतात. डबा उघडायच्या आधीच तिनं विचारलं, "मॅडम, गुरुजी तुमाला शिकवत नव्हते, असंच म्हणलात ना तुमी? मग समद्यांनी टाळ्या कावून वाजवल्या?"

मी म्हणू शकले असते की तुझा ऐकण्यात घोटाळा झाला. तुम्ही तेच म्हणाला असता. मी म्हणाले, "बरोबर समजलं तुला. अगदी बरोबर." तिचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. ही गोष्ट आज तिच्या घरी कळेल, उद्या गावात होईल, आणि तुमचे चिरंजीव जाब विचारायला येतील. येऊ देत. त्यांना हेच मराठीत सांगेन.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही, म्हणून एवढं कबूल करते. स्पेनहून मी टाळ्या वाजवायला शिकून आले होते. पण त्या पोरीला बरोबर म्हणताना टाळी वाजलीच नाही. बोट वाकलं, आणि तिच्या बाकावर दोनदा टकटक झाली.