ओठाजवळचा डाग

उदगीर

प्रिय अक्का,

तुझा मेसेज येऊन दोन दिवस झाले आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून फुगली असशील. नीलाचा शाळेच्या ओळखपत्राचा फोटो पाठवलास आणि खाली एवढंच लिहिलंस, 'ओठाजवळचा डाग तेवढा काढून दे, तुला पाच मिनिटांचं काम.' खरं सांगायचं तर पाच मिनिटंही लागत नाहीत. पण फोनवर माझी जीभ अडखळते आणि तू मधेच 'बरं, ठेवते' म्हणतेस, म्हणून कागद घेतला. सगळं वाच, मग काय बोलायचं ते बोल.

आधी इकडची खबर. अप्पांचा स्टुडिओ आता तुला ओळखू यायचा नाही. लग्नाचे अल्बम मी आणि माझ्या मदतीला असणाऱ्या ताहेरनं जवळजवळ बंद केलेत. आमचं नवं काम दाजींना अजून कळत नाही, तुलाही अर्धवटच कळलंय. अगं, जाहिरातवाल्यांना, पुस्तकवाल्यांना तयार फोटो लागतात. इंटरनेटवर 'शिक्षिका' शोधा, 'आई' शोधा, तीच एक गोरीपान बाई निघते, कधी चष्मा लावून, कधी अंबाडा घालून! तिच्या जागी आम्ही आपल्या गावची माणसं उभी करतो, रीतसर त्यांची सही घेऊन. आपले ब्लाउज शिवायच्या त्या बेगमबी आठवतात ना? ताहेर म्हणाला, फोटोपुरता चष्मा काढा. त्या म्हणाल्या, "चष्मा काढल्यावर सुईत दोरा कोन ववंल, तू?" चष्म्यासकट काढला, आणि तोच सगळ्यात आधी विकला गेला. डाळमिलमधल्या वीरण्णांचा कुबडीसकट फोटो एका गिऱ्हाइकाला आवडला, पण चेहरा जरा दुःखी हवा होता. वीरण्णा म्हणाले, "पाय गेलाय, बाकी मी लई मजेत हाय. रडका मानूस दुसरा बघा." मी तसंच कळवून टाकलं. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

आमच्या भिंतीवर एकच नियम लिहिलाय, चेहऱ्यावरचं काही पुसायचं नाही. कोड असो, देवीचे वण असोत, काही असो. यापायी कामं हातची जातात. ताहेर विचारतो, ताई, एवढा हट्ट कशाला? मी त्याला आजवर उडवाउडवीची उत्तरं दिली.

अक्का, चाकूरच्या पाहुण्यांचा दिवस तू विसरली नसशील. तू ते हिरवं इरकल नेसली होतीस. मुलाच्या आईनं पर्समधून तुझा फोटो काढला, एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तुझ्या ओठाजवळच्या तसल्याच डागाकडे, आणि फोटो पोह्यांच्या बशीशेजारी पालथा ठेवला. आम्हाला फसवलंत, एवढंच म्हणाली. ते गेल्यावर तू रडली नाहीस, सगळे कप धुतलेस. मग अप्पांसमोर जाऊन म्हणालीस, "माझं तोंड एवढं वंगाळ वाटत होतं तर फोटो पाठवलाच कशाला?" अप्पा मान खाली घालून कॅमेऱ्याची काच पुसत राहिले. वर्षभर तू त्यांच्याशी बोलली नाहीस. पुढे दाजींनी तुला शाळेत शिकवताना पाहिलं, आहेस तशी पाहिलं आणि स्वतःहून विचारायला आले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पण त्या दिवसापासून तू कॅमेऱ्यासमोर बसली नाहीस. नीलाच्या बारशाच्या फोटोतही तू पाठमोरीच आहेस.

आता लिहितेच. त्या फोटोतला डाग अप्पांनी पुसला नव्हता, मी पुसला होता. एकोणीस वर्षांची होते, लातूरहून कॉम्प्युटरवरचं काम नुकतंच शिकून आले होते. अप्पा म्हणाले होते, "पोरगी हाय तशीच ऱ्हाऊ दे, शिवे." मी त्यांच्या नकळत डाग काढला आणि फोटो पाकिटात घातला. मायेपोटीच केलं गं, आज तू नीलासाठी सांगतेस ना, तसंच. त्या संध्याकाळी अप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आळ स्वतःवर घेतला. मी गप्प बसले. अप्पा गेले तेव्हा तू त्यांच्या पायाशी बसून रडत होतीस, तेव्हाही मी गप्पच होते. याची मला फार लाज वाटते. तू वर्षभर बोलली नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. पण नीलाचा फोटो आला तसाच परत पाठवते आहे. नीट बघ एकदा. पुढचे दोन दात पडलेत आणि पोरगी तोंडभर हसली आहे, काही लपवायचं असतं हे तिला अजून माहीतच नाही. तुझा चेहरा मी एकदा पुसलाय अक्का, तिचा माझ्यानं पुसवत नाही.

तू रागावलीस तरी तुझीच,
शिवकन्या