हरणांसाठी पेरलेला हरभरा

माय, आज सकाळपासून मला माळाच्या कडेचं ते हरभऱ्याचं वावर दिसतं आहे. पाऊण एकर असेल नसेल. कामरगावकडून आपल्या गावाला येताना डाव्या हाताला गवताचा मोठा माळ लागायचा आणि त्याच्या उताराला आपल्या गावच्या मालकाचा तो तुकडा. सगळं गाव हरणांच्या नावानं बोटं मोडायचं. हरभरा वर आला की लोक मचाणावर बसून गोफणी फिरवत, डबे बडवत. आणि त्या सगळ्या गावात तू एकटीच अशी होतीस की हरणांनी खावं म्हणून पेरत होतीस. मालकाकडे नाताळात शिकारीला पाहुणे येत. हरणांना कोवळ्या पाल्याची चटक लागली, रोज त्याच जागी यायची सवय झाली, की पाहुण्यांना उन्हात मैल मैल चालावं लागत नाही. म्हणून तो तुकडा राखलेला. बी दाट फेकायचं, निंदण वरवर करायचं, हाकलायचं मात्र नाही. कडेला चार जागी खडेमीठ टाकायचं. बायका पाणी भरताना तुला 'हरणाची माय' म्हणायच्या आणि तू हसून घागर उचलायचीस.

बाप गेला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तो मालकाकडे सालदार होता, म्हणून मालकानं तुला त्याच्या वावरात कामावर राहू दिलं. काम करताना तू हळू आवाजात काहीतरी बोलत राहायचीस. कोणाशी, ते मला कधी कळलं नाही. मी जवळ आलो की थांबायचीस. पण हरणं आली तर थांबायची नाहीस. एकदा मालक दमणीतून, त्याच्या हलक्या बैलगाडीतून, माळाच्या कडेनं चालला होता. त्यानं पाहिलं की तू तुझ्या निळ्या लुगड्यात खाली वाकलेली आहेस आणि तुझ्यापासून तीस पावलांवर कळप चरतो आहे. काळवीट मान वर करतो, तुझ्याकडे बघतो, पुन्हा पाल्यात तोंड घालतो. मालक दमणी थांबवून कितीतरी वेळ बघत राहिला म्हणे. त्या सालापासून तो तुकडा तुझ्याकडे आला. आणि त्याच सालापासून मी अमरावतीला, इंग्रजी शाळेत. बोर्डिंगचं, पुस्तकांचं, कपड्यांचं सगळं मालक बघू लागला. याच्या बदल्यात ते, असं कोणी तोंडानं बोललं नाही. तुला कळलं होतं, आणि मला वाटतं मलाही.

नाताळातल्या त्या सकाळी कशा असत ते मी सुटीत घरी आलो की बघायचो. दमणी वावराच्या कडेनं सावकाश चालते. बैलांना हरणं बुजत नाहीत. दमणीच्या आडून मालक आणि त्याचा पाहुणा पायी चालतात, हातात बंदुका. तू वावरात असतेस, वाकलेली, बोलत. हरणं एकदा दमणीकडे बघतात, एकदा तुझ्याकडे. तू आहेस म्हणजे सगळं रोजच्यासारखं आहे, असं त्यांना वाटत असावं. मग आवाज होतो. आवाज व्हायच्या आधी तू उकिडवी बसून दोन्ही कानांत बोटं घालायचीस. तुला बरोबर कळायचं. घरी आल्यावर तू ते लुगडं धुवायला काढायचीस. दुपारी मालकाकडून पानात बांधलेला शिकारीचा वाटा यायचा. तू तो रांधायचीस, मला वाढायचीस आणि स्वतः चटणी-भाकर खायचीस. मी विचारलं तर म्हणायचीस, "मले नाई पचत." मी दुसऱ्यांदा मागून घ्यायचो.

मॅट्रिकच्या आदल्या साली मी दिवाळीला आलो. अठरा वर्षांचा होतो. बोर्डिंगमध्ये आमच्यात वादविवाद चालत, दया, अहिंसा, माणसाचं कर्तव्य. मी छान बोलतो असं सगळे म्हणत. तू मला हौसेनं वावर दाखवायला नेलंस. हरभरा चार बोटं वर आला होता. त्यावर दव होतं. तू म्हणालीस, "पाय, कसा आला यंदा. माह्या हाताले यश हाय." आणि मी तिथे, त्या वावरात उभा राहून, तुला बोललो.

"माय, तुले काहीच वाटत नाई का? तू त्याइले जीव लावून राह्यली, अन् मंग बंदुकीसमोर उभी करून राह्यली. मारनारे मारतात, पन दगा त तुहाच हाय."

तू खाली वाकून एक दगड उचललास आणि बांधावर टाकलास. "म्या नाई पेरलं त दुसरी कोनी पेरन," म्हणालीस. "अन् तुह्या शाळेचं काय?"

"असं शिक्शन मले नको," मी म्हणालो.

माय, मला ते नको नव्हतं. मला फक्त ते वाक्य म्हणायचं होतं. तू म्हणू शकली असतीस की मागच्या साली वाटा कोणी खाल्ला. तू म्हटलं नाहीस. निघताना तू मला फडक्यात हरभऱ्याची वाळवलेली भाजी बांधून दिलीस. तीही त्याच वावरातल्या आदल्या सालच्या पाल्याची होती. ती मी बोर्डिंगमध्ये मित्रांना वाटून खाल्ली आणि तुझ्याशी काय बोललो ते विसरून गेलो. खरंच विसरलो. तू दोन महिने ते मनात घेऊन त्या वावरात जात होतीस, हे मला पुढे कळलं.

नाताळात मी आलो तेव्हा मालकाकडे एक गोरा साहेब उतरला होता. मोठा हुद्दा होता त्याचा. मालकाला इंग्रजी चार शब्दांपलीकडे येत नव्हतं, म्हणून त्यानं मला बोलावून घेतलं. मला स्वच्छ सदरा दिला. म्हणाला, साहेबाशी नीट बोल, तो खूश झाला तर मॅट्रिकनंतर तुझी चिंता मिटली. मी घरी आलो आणि तुला हे सांगितलं. किती आनंदानं सांगितलं, ते आठवून आता लाज वाटते. तू भाकर थापत होतीस. विचारलंस, "तू बी राहाशीन का तिथं, दमनीमांगं?" मी म्हणालो, हो, साहेबाच्या अगदी बाजूला. तू भाकर तव्यावर टाकलीस आणि पाण्याचा हात फिरवलास. बस, एवढंच.

सकाळी धुकं होतं. दमणी चालते आहे, बैलांच्या नाकातून वाफा निघत आहेत, मी साहेबाच्या डाव्या बाजूला आहे. वावरात तू आहेस. तेच निळं लुगडं. कळप नेहमीपेक्षा मोठा, बारा-चौदा माद्या, आणि मध्ये काळवीट, शिंगं अशी लांब की साहेबानं श्वास आत घेतलेला मला ऐकू आला. मी त्याला हळूच सांगतो की ही बाई आहे तोवर हरणं हलणार नाहीत, घाई करू नका. हे मी सांगितलं, माय. कोणी सांगायला लावलं नव्हतं. साहेबानं बंदूक खांद्याला लावली. तू खाली बसण्याची वेळ झाली होती. तू बसली नाहीस. तू सरळ उभी राहिलीस, पदर खोचलास आणि दोन्ही हात वर करून ओरडलीस, "हाऽऽ! हाऽऽय! जा!" आणि त्यांच्या अंगावर धावत गेलीस. क्षणभर ती हललीच नाहीत. तू ओरडू शकतेस हे त्यांना माहीत नव्हतं. तू मातीची ढेकळं उचलून मारलीस. एक ढेकूळ काळविटाच्या पाठीवर फुटलं, तेव्हा कुठे तो उडाला आणि त्याच्या मागे सगळा कळप, उड्या मारत, माळावर, धुक्यात. साहेबानं मागून एक बार टाकला, तो वाया गेला.

साहेबानं मला विचारलं, ही बाई कोण, आणि हे काय करते आहे. मी मालकाकडे बघितलं. मालकाचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढवला नाही त्यानं. मला म्हणाला, "सांग साहेबाले, बाई येडी हाय म्हना." आणि मी इंग्रजीत सांगितलं, साहेब, ही बाई वेडी आहे. साहेब मान हलवून हसला. तू तिथून पन्नास पावलांवर उभी होतीस, धापा टाकत, हात मातीनं भरलेले. तुला इंग्रजी कळत नव्हतं. पण मी तुझ्याकडे न बघता बोलतो आहे हे दिसत होतं.

मालकानं त्याच दुपारी माणूस पाठवला. बाईनं उद्यापासून वावरात पाय ठेवू नये, आणि पोरानं अमरावतीहून आपली पेटी आणावी. मी चुलीपुढे येऊन उभा राहिलो. तू पीठ मळत होतीस.

"तुले मुकी जनावरं माह्यापक्षा जास्त झाली?"

तू वर बघितलंस. तुझ्या डोळ्यांत राग नव्हता. तू गोंधळली होतीस. "तूच त म्हनलं होतं, बापू."

"म्हनलं होतं! म्हून काय आजच कराचं होतं? साहेबासमोर?"

"मंग कवा कराचं होतं?" तू विचारलंस. खरंच विचारत होतीस. मी शिकलेला, मला माहीत असेल असं तुला वाटत होतं. मी समोरचं वाढलेलं ताट पायानं सरकवलं आणि बाहेर गेलो. अन्नाला पाय लावला मी, तुझ्या देखत. परत आलो तेव्हा ते ताट घासून उपडं ठेवलेलं होतं.

माझं तसं वाईट झालं नाही. मॅट्रिक राहिलं, पण मास्तरकी मिळाली, पुढे रिठदला बदली झाली, लग्न झालं, पोरं झाली. तू मात्र कारंज्याला जिनिंगमध्ये कामाला लागलीस, कापसाच्या ढिगांत. आपल्या गावात मालकाच्या विरोधात जाऊन तुला काम देणारा कोणी नव्हता. पुढच्या हिवाळ्यात मी तुला तिथे भेटायला आलो. तू दारापाशी येऊन उभी राहिलीस तेव्हा तुझे केस, भुवया पांढऱ्या झालेल्या, सगळीकडे कापसाची तूस, आणि मला वाटलं तू एका वर्षात म्हातारी झालीस. पदरानं झटकलंस तेव्हा खालून काळे केस निघाले. तू खोकत होतीस. माझा राग तेव्हाही गेला नव्हता. मी म्हणालो, "औंदा दुसरीनं पेरलं तिथं. दोन मारले म्हने. काय भेटलं तुले?"

"मालूम हाय मले," तू म्हणालीस. मग पुन्हा पदर झटकत, "म्या नोती ना तिथं."

मग तू विचारलंस की मी जेवलो का. मी जेवलो म्हणालो. जेवलो नव्हतो.

त्यानंतर मी वर्षातून एकदा यायचो, कधी तेही नाही. खोकला वाढला असं निरोपात कळायचं. मी औषधाची बाटली पाठवायचो. तुझ्या अखेरच्या दुखण्याचं कार्ड मला रिठदला मिळालं आणि मी बैलगाडी जोडून निघालो, पण कारंज्याला पोचलो तोवर शेजारपाजारच्यांनी सगळं उरकलं होतं. तुझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईनं मला सांगितलं की तू सरकी वेचताना सारखं काहीतरी बोलत असायचीस. मी विचारलं, काय बोलायची? ती म्हणाली, काय नाई जी, असंच, आज थंडी हाय, आज उशीर झाला, तुमी जेवले का, असं. कोणाशी, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

आता लढाई चालू आहे, घासलेट मिळत नाही, म्हणून हे उजेड आहे तोवर लिहून काढतो आहे. माझे केस खरेच पांढरे झालेत. तो माळही पुष्कळसा नांगरला गेला आहे. मागे एकदा त्या बाजूनं गेलो तेव्हा तीनच हरणं दिसली, फार लांब. माणूस दिसताच पळाली. बरं वाटलं मला.

हे लिहायला बसलो त्याचं कारण सांगायचं तर माझी थोरली लेक बाळंतपणाला आली आहे. तिचा मोठा मुलगा पाच वर्षांचा. काल दुपारी ती त्याला ओसरीवर मांडीवर घेऊन गोष्ट सांगत होती आणि मी आत पडल्या पडल्या ऐकत होतो. "तुहे आजोबा लहान होते ना," ती सांगत होती, "तवा एक साहेब हरणं माराले आला. अन् तुह्या आजोबानं काय केलं, साहेबासमोर वावरात पळत गेले, असे हात वर केले, अन् सारी हरणं हाकलून देली. शाळा सुटली त्याइची, पन भ्याले नाई." पोरानं विचारलं, खरंच? ती म्हणाली, मंग? आजोबाले विचार.

ही गोष्ट तिला मी सांगितली आहे. ती लहान असताना, आणि तिच्या भावांना, आणि रिठदच्या शाळेत पोरांच्या किती तुकड्यांना. पहिल्यांदा सांगताना तुझं नाव घेणार होतो. ते कसं राहून गेलं ते आठवत नाही. पोर काल धावत आत आलं आणि माझ्या छातीवर हात ठेवून म्हणालं, आजोबा, तुमी भ्याले नाई? मी म्हणालो, नाई.